वाडीवरची आपली शाळा: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आपली शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि दोन शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या संगमेश्वर तालुक्यात अशा शाळा वाडीवाडीत आहेत, त्यामुळे तुम्ही शेजारच्या वाडीतले असाल तरी यातलं बरंच तुम्हालाही लागू पडेल. मी इथली पालक आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीत पण आहे. आयांचे, मुंबईला असलेल्या वडलांचे, आजी-आजोबांचे तेच तेच प्रश्न येतात, कधी ग्रुपवर तर कधी एसटीची वाट बघताना, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

शाळेची बातमी नक्की कळते कुठे? माझ्याकडे साधा फोन आहे.

तीन ठिकाणी. एक व्हॉट्सॲप ग्रुप, दुसरा शाळेच्या दाराजवळचा फळा आणि तिसरी मुलाच्या दप्तरातली वही. ग्रुपवर फक्त गुरुजी आणि बाईच लिहू शकतील असं सेटिंग ठेवलंय, कारण आधी सकाळचे सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक यातच सभेची सूचना वर निघून जायची आणि मग "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" सुरू. आता जे येतं ते कामाचंच येतं.

पण खरं सांगायचं तर फोनवर विसंबून राहू नका. कितीतरी घरांत स्मार्टफोन एकच आणि तो मुंबईला गेलेल्या माणसाच्या खिशात, घरी आईकडे बटणाचा फोन, रेंज मिळवायला अंगणाच्या टोकाला जावं लागतं. म्हणून महत्त्वाची सूचना मुलं वहीत लिहून आणतात आणि खाली सही करायची असते. सही येत नसेल तर अंगठा चालतो, आजीचा पण चालतो. फक्त ती वही रोज उघडून बघा एवढंच. पहिलीच्या मुलांना लिहिता येत नाही तेव्हा त्यांच्या वहीत बाई स्वतः लिहून देतात.

पाऊस धो धो पडतोय, आज शाळा आहे का?

रेड अलर्ट असला की सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, ती गुरुजींच्या हातात नसते. आदेश आला की लगेच ग्रुपवर पडतो. फॉरवर्ड होऊन आलेला फोटो असेल तर आधी त्यावरची तारीख आणि जिल्हा बघा, मागच्या वर्षीचा किंवा रायगडचा आदेश आपल्याकडे फिरतो आणि निम्मी मुलं घरी राहतात.

सुट्टी जाहीर नाही पण पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलंय, साकवावरून (छोट्या पुलावरून) मूल पाठवायला भीती वाटते, तर पाठवू नका. खरंच. फक्त कुणाकडून तरी निरोप द्या, म्हणजे मूल वाटेत कुठे अडकलं का अशी काळजी शाळेत लागून राहत नाही. दुपारी पाऊस वाढला तर मुलांना एकटं सोडत नाहीत, पलीकडच्या वाडीतल्या मुलांना न्यायला मोठं माणूस यावं लागतं, आणि ते माणूस कोण हे जूनमध्येच शाळेत सांगून ठेवा, ऐन पावसात फोन लागत नाही.

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे काय? तिथे कोण असतं?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला ही समिती ठेवावीच लागते. त्यात किमान ७५ टक्के सदस्य पालकच असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. ग्रामपंचायतीचा एक सदस्य असतो, शिक्षकांचा एक प्रतिनिधी असतो. समितीची मुदत दोन वर्षं, निवड पालक सभेत होते आणि बैठक महिन्याला एक.

समितीने करायचं काय, तर शाळेचा कारभार नीट चाललाय का ते बघायचं, शाळेचा विकास आराखडा बनवायचा आणि आलेले पैसे कुठे खर्च झाले त्यावर नजर ठेवायची. हे कायद्यात लिहिलेलं काम आहे, कुणी आपल्याला मान दिलाय म्हणून करायचं असं नाही. आणि म्हणूनच घरी येऊन कुणी रजिस्टरवर सही मागितली तर बैठक कधी झाली, काय ठरलं ते वाचल्याशिवाय सही करू नका. बायकांना मी हे मुद्दाम सांगतेय, आपलं नाव यादीत निम्म्या जागा भरायला असतं आणि बोलायला नवरा किंवा दीर जातो, असं बऱ्याच गावांत अजून चालतं. ते चालवून घेऊ नका.

सभेला येऊन मी बोलू काय? माझं शिक्षण चौथी.

शिकलेल्या माणसाची गरजच नाही तिथे. तुमचं मूल संध्याकाळी घरी येऊन काय सांगतं ते तुम्हालाच माहीत असतं, ते बोला. एका सभेत एक आई बराच वेळ गप्प बसलेली, शेवटी म्हणाली, "पोरगी शाळेत पाणीच पीत नाय, बाथरूमला जावं लागेल म्हणून." सगळे शांत. संडासाची कडी तुटलेली होती आणि मोठ्या मुलींनी शाळेत पाणी पिणं बंद केलेलं. दोन शिक्षक, अख्खी समिती, भेट द्यायला येणारे केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी), कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कडी बसली.

आता आम्ही खुर्च्या नाही मांडत, सगळे सतरंजीवर गोल बसतो. खुर्च्यांवर पुरुष आणि मागे भिंतीला टेकून बायका असं बसलं की बोलणं पुढच्या रांगेतच संपतं, हे अनुभवाने कळलं.

सभा ११ वाजता ठेवता, तेव्हा आम्ही शेतात असतो.

बरोबर आहे तुमचं. लावणीच्या दिवसात सकाळी सभा ठेवली तर कुणीच येणार नाही आणि मग पालकांना आस्था नाही असं कागदावर जायचं. समितीत ठरवून घेतलंय की जून-जुलैत सभा शनिवारी शाळा सुटल्यावर किंवा संध्याकाळी. तुमच्या शाळेत नसेल तर अर्ज द्या, दहा जणींच्या सह्या पुरतात, वेळ ठरवणं हे काही वरून येत नाही.

मुलांचे वडील मुंबईला असतात. त्यांनी कसा भाग घ्यायचा?

हा प्रश्न आपल्याकडे घराघरात आहे. चाकरमानी गावात येतो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. मे महिन्यात शाळा बंद. म्हणून वर्षातली एक मोठी सभा गणपतीची सुट्टी लागायच्या आदल्या एकदोन दिवसांत घेतो, तेव्हा बरेचसे बाप गावात पोचलेले असतात. त्या दिवशी मुलं वडलांना आपली वही दाखवतात, वाचून दाखवतात, आणि वर्षभर फोनवर "अभ्यास कर" एवढंच म्हणणारा माणूस पोराच्या शेजारी सतरंजीवर बसून त्याचं वाचन ऐकतो. मला स्वतःला हा वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम वाटतो, १५ ऑगस्टपेक्षा पण.

बाकी वर्षभर आठवड्यातून एकदा मुलाला फोनवर धडा वाचून दाखवायला लावा. मार्क विचारू नका, आज शाळेत काय झालं ते विचारा.

शाळा बंद होणार असं ऐकलं. खरं का?

ही भीती कुठून आली ते सांगते. २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा होत्या, आणि कोकणात वाड्या लांब लांब असल्यामुळे कमी पटाच्या शाळा आपल्याकडे भरपूर. तेव्हा नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही उदाहरणं दिली होती. गावोगावी विरोध झाला. आपल्या शाळेबाबत असा कुठला आदेश आलेला नाही.

नियम काय आहे तर पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. नकाशावरचा एक किलोमीटर आणि पावसात घाटी चढून, पऱ्या ओलांडून केलेला एक किलोमीटर यात किती फरक आहे ते इथं चालणाऱ्यालाच कळतं, आणि शाळा हलवायची वेळ आली तर हेच समितीने लेखी मांडायचं असतं. पण पट टिकवणं आपल्या हातात आहे. तालुक्याच्या गावी न्यायला इंग्लिश मिडियमची पिवळी गाडी येते म्हणून वाडीतली चार मुलं गेली की इथला एक शिक्षक जातो, शिक्षक गेला की अजून चार जातात. निर्णय ज्याचा त्याचा, मी कुणाला नावं ठेवत नाही, पण दाखला काढण्याआधी एकदा शाळेत येऊन दिवसभर बसा आणि मग ठरवा.

आधारसाठी एवढं मागे का लागता?

कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, सरकारी पोर्टलवर आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. मूल रोज वर्गात बसतंय पण आधारवर नाव "श्रेया" आणि दाखल्यावर "श्रीया" असेल तर ते मोजणीत येत नाही. कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, आणि आपल्यासारख्या शाळेत एकदोन नावांनी पण फरक पडू शकतो. म्हणून सप्टेंबरच्या आत दुरुस्ती करून घ्या. मूल पाच वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे अपडेट करायचे असतात आणि ते पाच ते सात या वयात फुकट होतं.

पण हेही लक्षात ठेवा, आधार नाही किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. आधी प्रवेश, कागद नंतर. आणि अपार आयडी, म्हणजे मुलाचा शिक्षणाचा कायमचा नंबर, त्यासाठी जो फॉर्म येतो ते पालकांचं संमतीपत्र आहे, वाचा, शंका विचारा आणि मग सही करा.

पोषण आहारात काय मिळतं आणि आम्ही तपासू शकतो का?

तपासू शकता आणि तपासाच. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. वाढायच्या आधी शिक्षक आणि पालक यांनी चव घेऊन चव रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. आम्ही आयांच्या पाळ्या लावल्यात, ज्या आईची पाळी ती साडेबाराच्या सुमाराला येते, एक वाटी मटकीची उसळ आणि भात खाते, काय वाटलं ते लिहिते. "मीठ कमी", "मटकी कच्ची राहिली", "छान झालंय" असं आपल्या शब्दांत. नुसतं "उत्तम" लिहून सही ठोकू नका, त्याचा कुणालाच उपयोग नाही.

स्वयंपाक करणाऱ्या ताई आपल्याच वाडीतल्या आहेत, अगदी थोड्या मानधनावर चुलीच्या धुरात उभ्या असतात आणि ते मानधनही कधी कधी उशिरा येतं. काही चुकलं तर त्यांच्यावर ओरडू नका. तांदळात किडे दिसले, धान्य कमी आलं तर ते रजिस्टरला लिहून वर कळवायचं, ताईंच्या हातात ते नाही.

मुलाच्या वाढदिवसाला काही द्यायचं असेल तर चॉकलेटपेक्षा केळी द्या, उकडलेली अंडी द्या, किंवा स्नेहभोजन म्हणून एखादा गोड पदार्थ सगळ्या मुलांना. परसबागेला शेणखत दिलंत तरी खूप झालं. माठ, मुळा, दोडकी शाळेच्या मागे छान येतात आणि तीच भाजी आमटीत पडते.

गणवेश कधी मिळणार?

२०२४-२५ ला राज्यभर एकच गणवेश वरून शिवून द्यायचं ठरलं होतं, बऱ्याच शाळांत तो उशिरा आला, मापं चुकली, आणि मग ते काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. एका गणवेशाला ३०० रुपये धरलेत, म्हणजे दोन जोड्यांना ६००. या पैशात कापड कसं बसवायचं हे समितीला अवघडच जातं पण निदान माप तरी मुलाचं घेतलं जातं. शिवणकाम येणाऱ्या आयांनी पुढे यावं, शिलाई गावातच राहील.

दोन शिक्षक आणि पाच वर्ग, मग शिकवतात कसं?

एका खोलीत पहिली-दुसरीचे वर्ग, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी-पाचवीचे. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग गटात काम करतो, मोठी मुलं लहानांना वाचायला शिकवतात. याचा तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही, एखादे गुरुजी ट्रेनिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की पाचही वर्ग एकाच माणसावर येतात. तेव्हा पालकांनी येऊन बसलं, गोष्ट सांगितली, शेतातलं मोजमाप समजावलं तर मोठी मदत होते. मागे लावणीच्या वेळी एका आजोबांनी तिसरी ते पाचवीच्या मुलांना बांधावर नेऊन एका कुणग्यात (भाताच्या खाचरात) किती आवा, म्हणजे रोपं, लागतात, रोपांत अंतर किती ठेवतात ते दाखवलं. मुलांनी परत येऊन त्यावर गणितं घातली आणि ती गुरुजींना पण पटापट सुटली नाहीत.

इंग्रजी शिकवतात का?

हो, पहिलीपासून. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पुस्तकं बालभारतीची आणि मोफत.

पाचवीत नापास करतात हे खरं?

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. मूल त्यात मागे पडलं तर जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, त्यातही नाही झालं तर परत पाचवीत. शाळेतून मात्र काढता येत नाही. घाबरून मुलाला धाकात ठेवू नका, निकालाच्या दिवशी, १ मेला, प्रगतीपत्रक घ्यायला स्वतः या आणि कुठला विषय कच्चा आहे ते बाईंकडून समजून घ्या.

पाचवीत असतानाच नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा असते, सहावीच्या प्रवेशासाठी. जिल्ह्यात ८० जागा आणि त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. फॉर्म ऑनलाइन आणि फुकट. या एका बातमीसाठी तरी फळा वाचत जा, आपल्याकडची हुशार मुलं फॉर्मची तारीख गेली म्हणून राहतात याचं मला फार वाईट वाटतं.

शाळेला पैसे द्यावे लागतात का?

नाही. प्रवेशाला, परीक्षेला, दाखल्याला एक रुपया लागत नाही. स्वखुशीने द्यायचं असेल तर समितीच्या खात्यावर द्या आणि पावती घ्या, खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्यांनी चालतं. मुंबईच्या मंडळांना एक विनंती, काय द्यायचं ते ठरवायच्या आधी विचारा. टीव्ही आला तरी वीज दिवसभर नसते, पण गळणाऱ्या कोपऱ्यावर पत्रा आणि पावसाळ्यासाठी चपलांचा स्टँड याची गरज दरवर्षी असते.

मुलाला मारलं किंवा काही वेगळंच घडलं तर?

मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही कायद्याने बंद आहे, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. आधी शिक्षकांशी बोला, मग समितीकडे लेखी द्या, तरी नाही झालं तर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी (तालुक्याचे शिक्षण अधिकारी). पण मुलाच्या अंगाला कुणी वाईट हात लावला असेल तर हा क्रम विसरा, गावात मिटवायला बसू नका, सरळ पोलिस किंवा १०९८ ला फोन. तो नंबर फुकट आहे, मूल स्वतः पण लावू शकतं. शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) आणि तक्रार पेटी असते, ती पेटी सगळ्यांसमोर उघडली जाते ना हे विचारत राहा.

शाळेत गोळी देतात ती कसली?

जंताची. ठरलेल्या दिवशी सगळ्या मुलांना देतात. चावून खायची. मूल त्या दिवशी आजारी असेल तर आधीच सांगा. पोटात थोडं मळमळलं तर घाबरायचं कारण नाही, जास्त वाटलं तर आरोग्य उपकेंद्रात न्या.

मुलांचे फोटो ग्रुपवर टाकता, मला नको असेल तर?

मग नाही टाकणार. जूनमध्ये विचारतो, नाही म्हणालात तर कारण द्यायची गरज नाही. आणि ग्रुपवरचे फोटो स्टेटसला ठेवताना दुसऱ्याचं मूल त्यात आहे याचा विचार करा.

स्नेहसंमेलनात आम्ही काय करायचं?

शिकवा! सिनेमाच्या गाण्यावरचे नाच मुलं मोबाइल बघून पण करतात. आपल्याकडे जाखडी आहे, नमन आहे, ढोलकी वाजवणारे काका आहेत, गौरीची गाणी पाठ असलेल्या आज्या आहेत. रंगीत तालमीला चार संध्याकाळ द्या. ड्रेस भाड्याने आणायचा हट्ट कुणी धरू नका, ज्यांना परवडत नाही ती मुलं मग आपणच नाचात नाव देत नाहीत.

मध्येच मुंबईला जायचं ठरलं तर दाखला मिळेल का?

लगेच. दाखला अडवून ठेवता येत नाही, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. फक्त न सांगता जाऊ नका, मूल कुठे गेलं हे शोधत बसावं लागतं आणि तिकडे त्याचं वर्ष वाया जायची भीती असते. आणि गावाला परत आलात तर सरळ शाळेत या, कुठल्याही महिन्यात, नाव घेतात.

घरी अभ्यास घ्यायला वेळ नसतो.

अर्धा तास पण नको. चूल पेटवताना मुलाला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला सांगा, तुम्हाला वाचता येत नसलं तरी कुठे अडखळतंय ते कानाला कळतं. बाजारातून आल्यावर हिशोब त्याच्याकडून करून घ्या. पुस्तक पेटीतलं एक पुस्तक दर शनिवारी घरी येतं, ते सोमवारी परत द्यायचं, फाटलं तर रागावत नाहीत, चिकटवून आणा. शाळेत दाखल होणाऱ्या लहानांच्या आयांचा माता पालक गट आहे, त्यांना घरी खेळत खेळत काय घ्यायचं ते दाखवतात, डाळ-तांदूळ वेगळे करणं, चपला जोडीने लावणं अशा साध्या गोष्टी. मोठ्या मुलांच्या आया आल्या तरी चालतं, लहान बाळ कडेवर घेऊन आलात तरी चालतं.